मेंढीचं नाव काढायचं नाही

बाईचं बाळंतपण आलं की तिला दुधाच्या गाडीत घालून पलीकडच्या मोठ्या गावात नर्सबाईकडे न्यायचे, आणि मेंढीचं आलं की त्याला बोलावणं यायचं. कोकरू आडवं असो, पाय मागे अडकलेला असो, हा बाह्या सारून, कोपरापर्यंत हात धुऊन बसला की मेंढीचा मालक निवांत तंबाखू मळायला मोकळा. काम त्याला त्याच्या आईनं शिकवलं होतं. पुढे आईचे गुडघे गेले आणि काम त्याच्याकडे आलं, कामाबरोबर नावही आलं. सगळं गाव त्याला ‘सुईण’ म्हणायचं. एवढ्या दांडग्या, मिशाळ गड्याला सुईण म्हणताना लोकांना गुदगुल्या व्हायच्या. तो ओ द्यायचा आणि पुढे चालायला लागायचा.

एका बाबतीत मात्र तो कोणाचं ऐकायचा नाही. कोकरू ओढून काढावं लागलं तर मेंढीच्याच अंगचं पाणी हाताला चोळायचा, काढलं की सरळ तिच्या तोंडाशी ठेवायचा, आणि दोन्ही हात पाठीमागे धरून लांब जाऊन उभा राहायचा. आधी आईनं हुंगायचं, चाटायचं. मग जगानं कौतुक करायचं. माणसाचा वास आधी लागला तर मेंढी स्वतःच्या पोराला ओळखत नाही, डोक्यानं ढकलून देते, हे त्यानं लहानपणी एकदा डोळ्यांनी बघितलं होतं आणि ते कोकरू त्याच्या चांगलं लक्षात राहिलं होतं. एकदा शाळेच्या मास्तरांनी आपल्या मेंढीचं कोकरू कौतुकानं उचलायला हात पुढे केला, तर यानं मास्तरांच्या हातावर चापट मारली. मास्तर अजून ते विसरले नाहीत.

अशा माणसाची बायको पहिलटकरीण. मग काय विचारता! तिच्या चालण्यावरून, उठण्याबसण्यावरून, पाणी पिण्यावरून तो मनाशी अंदाज बांधायचा, आणि दुःख एवढंच की मनाशी ठेवायचा नाही.

पाचव्या महिन्यात दोघं तपासणीला गेले. मंगळवार होता. दवाखान्याच्या बाकावर सात-आठ बाया दाटीवाटीनं बसलेल्या, त्यातल्या तिघी गावच्याच. नर्सबाईनं साधंच विचारलं, पहिली खेप का म्हणून. बायकोनं तोंड उघडायच्या आत हा पठ्ठ्या बोलून मोकळा झाला.

“हो, पहिलं वेत आहे. पण कास चांगली उतरतेय, दुधाला कमी पडायची नाही.”

मग जो हशा उठला! एक बाई हसता हसता बाकावरून खाली घसरली. नर्सबाईनं तोंडासमोर रजिस्टर धरलं. बायकोनं पदर ओढून घेतला आणि ती जमिनीकडे बघत राहिली. परतताना गाडीत ती दुधाच्या रिकाम्या कॅनकडे तोंड करून बसली. दोन दिवस तिनं ताट वाढलं, पाणी दिलं, पण त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. त्याला जेवण जाईना. आपण तर चांगलंच बोललो होतो, हे त्याला राहून राहून वाटत होतं, आणि तिचा पडलेला चेहरा बघून ते कोणाला सांगायची सोयही नव्हती.

तिसऱ्या दिवशी तो एका मेंढीचे खूर तासत बसला होता. बायको समोर येऊन उभी राहिली.

“बाळ तुमच्या हातात येईपर्यंत माझ्या बाबतीत मेंढीचं नाव काढायचं नाही. मी चालते कशी, बसते कशी, काही म्हणजे काही बोलायचं नाही. घ्या शपथ.”

“कोणाची?”

“तुमच्या हातांची.”

त्यानं एकदा आपल्या हातांकडे बघितलं. घरदार त्यांच्यावरच चाललेलं. त्यानं शपथ घेतली.

नर्सबाईनं कार्डावर सत्तावीस तारीख लिहून दिली होती. त्या महिन्याच्या एक तारखेला बायकोनं दाराच्या चौकटीवर कोळशानं तेवढ्या रेघा ओढल्या. रोज सकाळी ओल्या बोटानं एक रेघ पुसायची. आता जे काय चालायचं ते कार्डाप्रमाणे आणि रेघांप्रमाणे, असं घरात ठरून गेलं. तो मुकाट्यानं तयारीला लागला. तळ्यात पाणी होतं तेव्हाच त्यानं कोकरांच्या पोटाखालची मऊ लोकर काढून सात पाण्यांतून धुतली होती. बायकोनं ती गालाला लावून बघितली आणि टोचते म्हणाली. त्यानं पुन्हा धुतली, पुन्हा पिंजली. चौथ्या खेपेला ती काही बोलली नाही, म्हणून त्यानं तिची वीतभर रुंद गादी भरली. बायकोनं जुन्या सुती कपड्यांची दुपटी शिवली. टोपड्याला माप कशाचं घ्यायचं हा प्रश्न आला, तेव्हा तिनं त्याची मूठ घेतली. गडी पाच मिनिटं मूठ वळून बसून राहिला, हलायचं नाही म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत होता. तिची सासू, म्हणजे त्याची आई, ओसरीवरून बघून डोळे पुसेपर्यंत हसली.

तुळईला त्यानं झोळी टांगली. ती वजन पेलते की नाही हे बघायला घरात कोणी नसताना तिच्यात आठ दिवसांचं कोकरू झोपवून बघितलं. मेंढीचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं, झोळीत झोपवायचं नाही असं कुठे ठरलं होतं? पण कोकरानं आपली खूण झोळीत ठेवलीच. बायकोनं झोळी दोन वेळा धुतली आणि दिवसभर त्याच्याकडे बघून गालात हसत राहिली.

पण ते साल वाईट होतं. गवत उगवलं तसं करपलं. तळ्याचा चिखल झाला, चिखलाच्या खपल्या झाल्या. गावातले बाकीचे मेंढपाळ कळप घेऊन आठ दिवसांच्या वाटेवर नदीकाठी निघून गेले. हा एकटा मागे राहिला. चाळीस मेंढ्या, एकेकीच्या बरगड्या मोजाव्यात अशा. जवळपासचं सगळं चरून झाल्यावर तो रोज थोडा लांब जायला लागला, आणि आता तिसऱ्या टेकडीपलीकडच्या कोरड्या ओढ्यापर्यंत पोचला होता. तिथे बाभळीच्या शेंगा पडायच्या. जायला दोन तास, यायला दोन तास. फोनला तिथे रेंज नाही. आणि गावातून मोठ्या गावाकडे जाणारं वाहन एकच, दुधाची गाडी. ती सकाळी जायची आणि दुपारी चारला जायची. चारची चुकली की दुसऱ्या दिवशीची सकाळ.

त्या दिवशी सकाळी चौकटीवर बारा रेघा होत्या.

तो उठला तेव्हा बायको कोपरा झाडत होती. त्यानं तोंड धुतलं, ती तोच कोपरा झाडत होती. पेटी तिनं इकडून तिकडे सरकवली, तिथं झाडलं, पुन्हा होती तिथं आणली. सासूनं केरसुणी मागितली तर वसकन अंगावर गेली. ताट घेऊन बसली आणि दोन घास खाऊन उठली, परत बसली, परत उठली. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि मान वळवून आपल्याच कमरेकडे बघत राहिली. पोट कालच्यापेक्षा चार बोटं खाली उतरलेलं होतं.

त्याच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. हे त्यानं शेकडो वेळा बघितलं होतं. कळप सोडून एकीकडे जाणं, पुढच्या पायानं एकच जागा उकरणं, बसणं, उठणं, मागे वळून बघणं. आता फक्त चार पायांच्या जागी दोन होते आणि खुराच्या जागी केरसुणी होती. शब्द अगदी जिभेवर आले. त्यानं ते पाण्याबरोबर गिळले.

आज जवळच चारू का, एवढंच त्यानं विचारलं.

“जवळ काय ठेवलंय? दगड खाणार का त्या?” ती म्हणाली. “बारा दिवस आहेत अजून. जा तुम्ही. घरात गर्दी नका करू.”

आई ओसरीवर, घरात तो आणि ती, एवढीच गर्दी होती. हीसुद्धा खूणच, त्याच्या मनात आलं. त्यानं आईला जाता जाता लक्ष ठेवायला सांगितलं. आई म्हणाली की कार्डावर सत्तावीस लिहिलंय, आणि शिकलेल्या बाईनं लिहिलंय. माणूस म्हणजे काय मेंढी आहे? त्याचंही मन मग तसंच म्हणायला लागलं. आपल्याला काय कळतंय माणसातलं. त्यानं काठी घेतली.

कळपाच्या पुढे घंटा घातलेली थोरली. आठ वेळा व्यालेली, नवव्याला गाभण, म्हातारी, हट्टी. तिची घंटा वाजेल तिकडे बाकीच्या जायच्या. तिला अजून दोन-तीन दिवस आहेत असा त्याचा हिशेब होता. पण कोरड्या ओढ्यात पोचून तास-दीड तास झाला असेल नसेल, घंटेचा आवाज एका बाजूला गेला. थोरली एका खडकाच्या आडोशाला उभी होती. शेंगा समोर पडलेल्या, तिचं लक्ष नाही. पुढच्या पायानं तिनं वाळू उकरली. बसली. उठली. मान वळवून कमरेकडे बघितलं आणि परत तीच जागा उकरायला लागली.

तो बघत राहिला. खर्र खर्र, खर्र खर्र. सकाळपासून कानात तोच आवाज होता.

“गाढवा,” तो स्वतःला म्हणाला. “ओळखलं होतंस की.”

व्यायला टेकलेली मेंढी त्यानं जन्मात कधी सोडली नव्हती. इथे सोडली तर कोल्हे होतेच. आणि ती चालणार नाही, ती चालली नाही तर घंटा चालणार नाही, घंटा चालली नाही तर कळप हलणार नाही. त्यानं फार विचार केला नाही. खाली बसला, थोरलीला खांद्यावर घेतली, तिचे पुढचे पाय एका हातात, मागचे दुसऱ्या हातात धरले आणि गुडघ्यावर जोर देऊन उठला. घंटा त्याच्या कानाशी वाजली. कळपानं माना वर केल्या आणि मागे निघाला.

ऊन डोक्यावर होतं. थोरलीचं पोट त्याच्या मानेवर टेकलेलं. पहिली टेकडी चढताना मानेवर काही तरी दगडासारखं घट्ट झालं, जरा वेळ तसंच राहिलं आणि सैल पडलं. कळ. तो पावलं मोजायला लागला. चारशे पावलांनी दुसरी आली. मग साडेतीनशेनं. तिथे घरी हिच्याही अशाच येत असतील, आणि त्या मोजायला जवळ कोणी नाही, हे मनात आलं की त्याचे पाय आपोआप उचलायचे. दुसऱ्या टेकडीच्या उतारावर मुरमावरून पाय घसरला, दोन्ही गुडघे सोलवटले, पण त्यानं खांदा खाली येऊ दिला नाही. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. “थांब गं बाई, थोडी कळ काढ, आलोच,” तो बोलत होता. कोणाला बोलतोय, हे त्याचं त्यालाही थोड्या वेळानं कळेनासं झालं. गाव दिसायला लागलं तेव्हा कळा शंभर पावलांवर आल्या होत्या.

ओसरीवर आई नव्हती. तिची काठीही नव्हती. बायको दारात चौकट धरून उभी होती, आणि तिचा तळवा जिथे घट्ट दाबलेला होता तिथे बाराच्या बारा रेघा पुसून काळा डाग झाला होता.

त्यानं थोरलीला कुंपणाच्या सावलीत उतरवलं आणि तो धावत दारात आला. तिची एक कळ ओसरेपर्यंत तो समोर उभा राहिला.

“सकाळीच ओळखलं होतं ना तुम्ही?” ती म्हणाली.

“हो.”

“मग?”

“शपथ होती.”

तिचे डोळे भरून आले. “आणि मला पहाटेपासून दुखतंय. तुम्हाला बोलू द्यायचं नाही म्हटल्यावर मी कोणत्या तोंडानं बोलू? वाटलं, बारा दिवस आहेत, असंच असेल. तुम्ही टेकडीआड गेलात आणि मी आईंना सांगितलं.”

त्याला रागवावं असं वाटलं, आणि स्वतःवर की तिच्यावर हे ठरेना, म्हणून त्यानं नुसता तिचा हात धरला. सारवलेल्या जमिनीसारखा गार आणि ओला होता. तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा ऐकू आला.

चार वाजले होते. दोघं वळणावर येऊन बघतात तर दुधाची गाडी रस्त्याच्या मधोमध उभी, आणि तिच्यापुढे आई. घरापासून विहिरीपर्यंत जायला जी वाटेत दोनदा बसायची, ती काठी आडवी धरून उभी होती. दूधवाला भोंगा वाजवून दमला होता. तो म्हणत होता की दूध नासेल. आई म्हणत होती की नासू दे, नाहीतर माझ्या अंगावरून गाडी घाल. दूधवाल्यानं दोघांना येताना बघितलं आणि मग चार कॅन खाली उतरवले, मागे पोतं अंथरलं.

गाडीत चढता चढता बायको थांबली. थोरलीला कोण बघणार, तिनं विचारलं.

“मी,” सासू म्हणाली. “याला कोणी शिकवलं मग?” आणि ती काठी टेकत कुंपणाकडे निघालीसुद्धा.

गाडी दगडांवरून उडत चालली. कॅन एकमेकांवर आपटत होते. ती त्याच्या अंगाला रेलून बसली होती आणि कळ आली की त्याचं मनगट पिळत होती. त्याचा दुसरा हात तिच्या कमरेवर नेमक्या जागी दाब देत होता. तिथेच का, हे तिनं विचारलं नाही. अर्धी वाट झाल्यावर मात्र म्हणाली, “बोला आता. किती वेळ आहे तुमच्या हिशेबानं?”

त्यानं आपल्या हातांकडे नजर टाकली.

“गाडीपुरती शपथ सोडली. दवाखान्यात उतरलं की पुन्हा सुरू. बोला. मला घाबरायला होतंय.”

“मेंढी असती,” तो हळूच म्हणाला, “तर म्हटलं असतं, ऊन उतरायच्या आत मोकळी होईल. आणि सगळं सरळ आहे. हाताला कळतंय मला. कुठे काही अडलेलं नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

तिनं डोळे मिटले आणि डोकं त्याच्या खांद्यावर टाकलं, ज्या खांद्यावर अजून थोरलीची लोकर चिकटलेली होती. तिला ती आज टोचली नाही.

तपासणीचा मंगळवार होता. बाकावर बाया बसल्याच होत्या, परतीच्या गाडीची वाट बघत, त्यात गावातल्या त्या तिघीही. नर्सबाईनं कार्ड बघितलं, सत्तावीस वाचलं, आणि एवढ्यात काही नसतं, खोट्या कळा असतात, पहिल्या खेपेला होतं असं, म्हणून समजावायला लागली. बायकोनं बाकाची कड धरून मान वर केली.

“यांनी सकाळीच ओळखलंय,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “यांचं चुकत नाही.”

बाकावर आज कोणी हसलं नाही. नर्सबाई तिला आत घेऊन गेली, आणि पाच मिनिटांत आतून गरम पाण्यासाठी हाका सुरू झाल्या. दार लागलं.

तो बाहेर नळावर गेला आणि सवयीनं कोपरापर्यंत हात धुतले. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. ओले हात घेऊन तो दाराबाहेर भिंतीशी उभा राहिला. आतून तिचा आवाज आला की त्याची बोटं आपोआप हलायची. आयुष्यात पहिल्यांदा बाळंतपण चाललं होतं आणि त्याच्या हातांना काही काम नव्हतं. बाकावरच्या एका बाईनं सरकून जागा केली, तरी तो बसला नाही. समोरच्या भिंतीवरचं ऊन छपरापर्यंत चढलं, पिवळं झालं, आणि आतून रडणं ऐकू आलं. बारीक, रागावलेलं, चांगलं दणकट रडणं.

दार उघडलं. नर्सबाई दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आली. बायकोनं शिवलेलं दुपटं होतं, त्याला शिलाईसुद्धा ओळखू आली.

“मुलगी आहे. दोघी चांगल्या आहेत. घे.”

त्याचे दोन्ही हात पाठीमागे गेले. तो एक पाऊल मागे सरला.

नर्सबाईनं पुन्हा बाळ पुढे केलं. तो भिंतीला टेकला. हात पाठीमागेच. बाकावरची कुजबुज थांबली आणि मग वेगळी कुजबुज सुरू झाली. नर्सबाईचा चेहरा कडक झाला.

“का? मुलगी नको होती?”

नको कशी असेल? एवढी हवी होती की हात मागे बांधून उभं राहायला सगळा जोर लावावा लागत होता. पण कारण सांगायचं तर मेंढीचं नाव घ्यावं लागणार, आणि ते याच बाकासमोर, याच बायांसमोर. बाळ अजून हातात आलं नव्हतं. शपथ अजून चालू होती. तो मान हलवत राहिला, नाही, नाही, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या पाण्याचा अर्थ बाकानं भलताच घेतला. मिशा केवढ्या आणि मन केवढंसं, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा.

तेवढ्यात आतून हसू आलं. दमलेलं, घोगरं, पण हसूच.

“नर्सबाई,” बायकोनं हाक मारली, “ते घ्यायचे नाहीत. आधी माझ्याजवळ आणा तिला. आधी आईनं वास घ्यायचा असतो. मग दुसऱ्यांनी.”

नर्सबाई गोंधळून आत गेली. दार उघडंच राहिलं. तो चौकटीपर्यंत आला आणि तिथे थांबला. बायकोनं बाळाला छातीशी घेतलं, त्याच्या ओल्या टाळूवर नाक टेकवलं आणि डोळे मिटून खूप वेळ श्वास घेतला. बाळ रडायचं थांबलं. बाकावरच्या बाया उठून दाराशी आल्या होत्या, पण कोणी पुढे जाईना.

“घेतला,” ती म्हणाली. “आपलीच आहे. या आता.”

त्यानं हात शर्टाला पुसले आणि पुढे केले. हजारभर कोकरं झेललेले हात होते ते. बाळ तळहातावर आलं, मूठ वळून, डोळे घट्ट मिटून, आणि त्याच्या हातांनी वजन लगेच ओळखलं. तो काही तरी बोलणार होता, पण त्यानं बाकाकडे बघितलं आणि ओठ आवळले.

“आलं ना बाळ हातात?” बायको म्हणाली. “संपली शपथ. म्हणा काय म्हणायचंय ते.”

“पहिल्या वेताचं कोकरू असतं ना,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला, “बरोबर तेवढी आहे.”

दाराशी जमलेल्या सगळ्या बाया हसल्या, नर्सबाईसुद्धा हसली, पण या खेपेला सगळ्यांच्या आधी बायको हसली.